पडायलाही शिकवतात!

'हळू, पडशील!' हे वाक्य आपल्याकडे मुलींच्या कानावर दिवसातून कितीदा पडत असेल, याची मोजदाद नाही. मुलगा पडला की 'ऊठ, काही नाही झालं', आणि मुलगी पडली की 'पुरे आता, घरात ये'. त्यामुळे स्केटबोर्डिंगमध्ये सुरुवातीलाच पडायला शिकवतात, हे कळलं तेव्हा मला भलतीच गंमत वाटली.

चाकं लावलेली फळी आणि तिच्यावर उभं राहून मारायच्या उड्या, असा हा खेळ. पडताना हात ताठ करून टेकायचा नाही, मनगट मोडतं. (आपण नेमका हातच टेकतो!) गुडघे वाकवायचे, अंग सैल सोडायचं, जमलं तर खांद्यावरून लोळण घ्यायची. रिकाम्या तलावासारख्या सिमेंटच्या खोलगट भागात खेळताना गुडघ्यांना जाड पॅड बांधतात. फळी निसटतेय असं वाटलं की ती सोडून द्यायची आणि पॅडवर टेकून घसरत खाली यायचं. हे अंगवळणी पडलं की मगच अवघड उडी करून बघायची हिंमत येते. एकेक उडी जमेपर्यंत कितीदा पडावं लागतं! पण दर वेळी काहीतरी कळतं. वजन मागे गेलं, पाय उशिरा उचलला, वेग कमी पडला. पुढच्या खेपेला तेवढंच सुधारायचं.

4 ऑगस्ट 2021 रोजी टोकियो ऑलिम्पिकमध्ये मुलींची 'पार्क' प्रकारातली अंतिम फेरी झाली. प्रत्येकीला 45 सेकंदांच्या तीन संधी, त्यातली सर्वोत्तम धरायची. ब्रिटनकडून खेळणारी तेरा वर्षांची स्काय ब्राउन पहिल्या दोन्ही वेळा पडली. तिसऱ्या वेळी सोपं काहीतरी करून ती वेळ मारून नेऊ शकली असती. तिने तीच उडी पुन्हा घेतली, साधली आणि 56.47 गुण मिळवून ब्राँझपदक पटकावलं.

याच मुलीला 2020 मध्ये सरावात मोठा अपघात झाला होता. कवटीला फ्रॅक्चर, हात मोडलेला, हेलिकॉप्टरने रुग्णालयात नेलं. तेव्हा ती अकरा वर्षांची होती! 2024 मध्ये पॅरिसला खांदा निखळलेला असताना ती खेळली आणि पुन्हा ब्राँझ मिळवलं. कौतुक वाटतं, पण खरं सांगू? आई म्हणून माझ्या पोटात गोळाच येतो. पडण्यातून शिकणं निराळं आणि दुखणं अंगावर काढणं निराळं. आपण बायका दुसऱ्यात आधीच तरबेज आहोत, त्याचं आणखी कौतुक नको.

हे सगळं परदेशातलं, असंही नाही. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवार या गावात 2015 मध्ये स्केटपार्क झाला. तिथले नियम दोनच : शाळा बुडवली तर स्केटिंग नाही, आणि मुलींचा नंबर आधी. त्याच गावातली आदिवासी मुलगी आशा गोंड 2018 मध्ये चीनमधल्या नानजिंगला जागतिक स्पर्धेत उतरली.

आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात दहावीला दुसऱ्यांदा बसणाऱ्या काही मुली येतात. 'नापास झालीस ना, आता बस घरी,' हे ऐकून, भांडून आलेल्या. त्यांना मी मोबाइलवर टोकियोची ती अंतिम फेरी दाखवली. जपानची पंधरा वर्षांची मिसुगू ओकामोतो 2019 ची जगज्जेती. प्राथमिक फेरीतही पहिली. सगळ्यांत शेवटी तिची पाळी होती. पदकासाठी तिने अवघड उड्या घेतल्या आणि शेवटाकडे ती पडली. चौथा नंबर. रडत बाहेर आली, तर इतर स्पर्धक मुली धावत आल्या. ऑस्ट्रेलियाची पॉपी ओल्सन आणि अमेरिकेची ब्राइस वेटस्टीन यांनी तिला चक्क खांद्यावर उचलून घेतलं. त्या दोघी पाचव्या आणि सहाव्या आलेल्या.

"बाई, ही तर हरली ना? मग उचललं कशाला?" एकीने विचारलं.

मी काही बोलायच्या आत मागून दुसरी म्हणाली, "अगं, त्या पण पडलेल्या असतील ना कधीतरी!"

मग त्यांनी तेवढाच भाग पुन्हा लावायला सांगितला.