तिखट-कडू तक्रार

हाँगकाँगमधला एखादा दम लागलेला रुग्ण डॉक्टरांना सांगतो, 'होऊ सान फू'. 'होऊ' म्हणजे खूप, 'सान' म्हणजे तिखट आणि 'फू' म्हणजे कडू. जेवणाशी याचा काही संबंध नसतो. 'फार त्रास होतोय', एवढाच अर्थ. नोकरीत पिचून निघालेला आणि घरातले माणूस गमावलेलाही हेच म्हणतो. त्रास शरीराचा की मनाचा, हे शब्दावरून कळत नाही. परक्या देशातल्या रुग्णालयात दुभाष्याने त्याचे भाषांतर नुसते 'कष्ट होतात' असे केले, तर दम लागल्याची खूण हातची जाते.

हाँगकाँग, मकाव आणि चीनच्या ग्वांगदोंग प्रांतात बोलल्या जाणाऱ्या कँटनीज भाषेत अशा चवी जागोजागी भेटतात. प्रेमातला मत्सर म्हणजे 'व्हिनेगर पिणे'. काळीज पिळवटून निघाले की 'साम स्युन', म्हणजे हृदय आंबट. कामाने अंग ठणकते तेव्हाही हाच 'स्युन' वापरतात. (आपलेही अंग आंबतेच की!) 'कडू' हा शब्द दुःखाला इतका चिकटलेला, की तो उच्चारायला नको म्हणून कारल्याला तिथे 'गार फळ' म्हणतात.

वैद्यकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा शब्द मात्र 'साम थाम', म्हणजे मन अळणी होणे. उमेद सरणे, कशातच राम न वाटणे. नैराश्याच्या अनेक रुग्णांना जेवणही बेचव लागते, तेव्हा ही नुसती उपमा राहत नाही. २००६ साली ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांना सेरोटोनिन वाढवणारे नैराश्यावरील औषध दिले. त्यानंतर साखरेची गोडी त्यांना २७ टक्के, तर क्विनाईनचा कडूपणा ५३ टक्के कमी मात्रेतही ओळखता आला. भाषेतले शब्द या रसायनांतूनच जन्मले, असे यावरून म्हणता येत नाही. पण मनःस्थितीशी निगडित रसायने जिभेच्या संवेदनेतही हात घालतात, एवढे नक्की.

म्हणून 'अन्नाला चव नाही' ही तक्रार आली, की तोंड, दात, सर्दी आणि चालू औषधे यांच्याबरोबरच आणखी काही विचारावे लागते. झोप लागते का? आवडीच्या गोष्टीत मन रमते का? आणि दोन आठवड्यांहून अधिक दिवस असेच चालले आहे का?