झाकणाखालचा उन्हाळा

माशांच्या टाकीवर लाकडी किंवा फायबरचं बंद झाकण बसवलं की दिवाणखान्याची शोभा वाढते आणि झाकणाखाली उन्हाळा सुरू होतो. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३० अंशांना तो साडेसातवर येतो. माशाची प्राणवायूची गरज मात्र गरम पाण्यात वाढते.

पंखा आणण्याआधी ड्रिल हातात घ्यावं. एका टोकाला खालून हवा शिरायला वाट, दुसऱ्या टोकाला वरून निघायला. गरम, दमट हवा हलकी असते, ती आपली आपण वर सरकते. दिव्याचा अडॅप्टरही झाकणाबाहेर काढावा. भोकांना नायलॉनची जाळी हवीच, मासे उड्या मारतात.

एवढ्यानं भागलं नाही, तर कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा पंखा. इथे बहुतेकांचा ओढा छोट्या पंख्याकडे असतो आणि तिथेच भुणभुण सुरू होते. ८० मिलिमीटरच्या पंख्याला जेवढी हवा ढकलायला धावावं लागतं, तेवढी १२० मिलिमीटरचा रमतगमत ढकलतो. वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, आवाज मात्र सुमारे १५ डेसिबलनं उतरतो. म्हणजे एकाऐवजी दोन पंखे निम्म्या वेगानं लावले, तर हवा तेवढीच आणि आवाज १२ डेसिबलनं कमी. हे कागदावरचं गणित. पण घरातही फरक कानाला कळतो. ‘सायलेंट’ लिहिलेल्या महागड्या खोक्यापेक्षा वेग कमी करणारा साधा रेग्युलेटर मला जास्त भरवशाचा वाटतो. तरी गुणगुण राहिली, तर दोष बहुधा पंख्याबरोबर थरथरणाऱ्या झाकणाचा असतो. पंखा स्क्रूनं आवळण्याऐवजी रबरी बुशवर बसवावा.

पंख्यानं खोलीतली हवा आत ढकलावी. वाफ बाहेर ओढायला लावला तर ती मोटरमधून जाते, आणि खाऱ्या पाण्याच्या टाकीत गंज ठरलेला.

हवा खेळली की पाणी उडतं आणि टाकी माठासारखी गार होते. एक लिटर पाणी उडताना साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता नेतं. बाहेरून ऊब आलीच नाही, तर शंभर लिटर पाणी पाच अंशांहून अधिक उतरेल एवढी. नागपूरच्या मे महिन्यात ही युक्ती झकास चालते, मुंबईच्या जुलैत फारशी नाही. उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागे राहतात. त्यामुळे भर आरओच्या पाण्याची घालावी. फायटर आणि गोरामी पृष्ठभागावर येऊन हवा घेतात, त्यांच्या टाकीत झोत थेट पाण्यावर नको. आणि वायर प्लगच्या खालपर्यंत झोळ देऊन मगच वर न्यावी, म्हणजे थेंब प्लगपर्यंत न जाता खाली गळतात.