इंधनघट आणि प्रवराकाठ

भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेचे पाटपाणी ज्या मुलखात खेळू लागले, त्या मुलखात बेलापूरचे नाव गावापुरते राहिले नाही; दौंड-मनमाड लोहमार्गावरील श्रीरामपूरच्या स्थानकानेही तेच नाव धारण केले आणि हरेगावच्या जुन्या साखर कारखान्यालाही लोक बेलापूर कंपनी म्हणूनच ओळखत आले. अशा ऊसकरी प्रदेशात वाढलेल्या मुलाच्या मनात इंधन आणि अग्नी यांची जोडी पक्की बसलेली असते. चिपाड जळावे, पाण्याची वाफ व्हावी आणि त्या वाफेच्या बळावर कारखाना चालावा, हा क्रम त्याने लहानपणापासून पाहिलेला असतो. त्यामुळे पदव्युत्तर शिक्षण घेऊन मी पुण्यातील एका प्रयोगशाळेत दाखल झालो, तेव्हा ज्वालेवाचून इंधनातून वीज काढणारा घट समोर पाहून मला जे नवल वाटले, ते पुस्तकातील समीकरणाने कधीच वाटले नव्हते.

या घटाचे तत्त्व जुनेच आहे. विल्यम ग्रोव्ह या वेल्श न्यायविद वैज्ञानिकाने १८३९ च्या सुमारास हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयोगातून वीज मिळवून दाखविली होती. आजच्या घटात मध्यभागी काही दशांश मिलिमीटरहूनही पातळ असा बहुवारिकाचा पडदा असतो. एका अंगाने आलेल्या हायड्रोजनचे प्लॅटिनमच्या सान्निध्यात प्रोटॉन व इलेक्ट्रॉन असे विभाजन होते, प्रोटॉन पडद्यातून पलीकडे जातात, इलेक्ट्रॉनांना मात्र बाहेरच्या तारेतून वळसा घालावा लागतो, आणि तो वळसा म्हणजेच आपली वीज. पलीकडे ऑक्सिजनशी मिलन होऊन पाणी तयार होते.

नवख्या विद्यार्थ्याकडे प्रथम येते ते पडद्याचे काम. पडदा आधी हायड्रोजन पेरॉक्साइडात आणि मग सौम्य गंधकाम्लात उकळून निर्मळ करायचा, प्लॅटिनमयुक्त कार्बनची शाई कार्बनच्या कागदावर समप्रमाणात चढवायची आणि सर्व थर उष्ण दाबयंत्रात एकजीव करायचे. सिलिंडर उघडण्यापूर्वी प्रत्येक जोडाला साबणाचे पाणी लावून गळतीची तपासणी करण्याचा दंडक असतो आणि तो काटेकोर पाळलाच पाहिजे. कारण हवेत हायड्रोजनचे प्रमाण ४ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान असले की मिश्रण पेट घेऊ शकते, आणि त्याची ज्योत दिवसा डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही.

मग येतो आलेख. सिद्धांताप्रमाणे एका घटाचा विद्युत्दाब १.२३ व्होल्ट असावयास हवा. प्रत्यक्षात भार चढताच तो ०.६ ते ०.७ व्होल्टपर्यंत उतरतो. पडदा कोरडा पडला तर प्रोटॉनांची वाट अडते, आणि पाणी साचले तर वायूची. या दोहोंमधील अरुंद सीमारेषा सांभाळण्यातच दिवसामागून दिवस जातात. या शास्त्राची खरी दीक्षा मिळते ती पाण्याच्या या बंदोबस्तातूनच, असे माझे मत आहे.

प्रयोगशाळेतील एकेका घटापासून रस्त्यावरच्या वाहनापर्यंतचे अंतर महाराष्ट्रात अलीकडेच कापले गेले. १९५० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने केपीआयटी कंपनीच्या सहकार्याने विकसित केलेल्या घटसंचावर ऑक्टोबर २०२० मध्ये मोटारगाडीची चाचणी झाली, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच तंत्रावरील बसगाडी पुण्यात लोकांपुढे आली. पुढे ४ जानेवारी २०२३ रोजी केंद्र सरकारने १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली.

तथापि, हा वायू आणायचा कोठून, हा प्रश्न वाहनाहून मोठा आहे. पाण्याचे विघटन करावे तर एक किलो हायड्रोजनला किमान नऊ किलो पाणी आणि व्यवहारात पन्नासहून अधिक युनिट वीज लागते. पाटाच्या एकेका आवर्तनावर पिकांचे भवितव्य ठरणाऱ्या आपल्या प्रवराकाठी पाण्याचा हिशेब आधी मांडावा लागेल. याच कारणाने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सेंटियंट लॅब्सच्या साह्याने चालविलेले काम मला अधिक जवळचे वाटते. भात, गहू, मका यांच्या काडावर विशिष्ट जीवाणुसमूहाची प्रक्रिया करून त्यातून हायड्रोजन, व पाठोपाठ मिथेन, मिळविण्याची ती रीत आहे. कारखान्यातील चिपाड आधीच बॉयलरला लागते. परंतु तोडणीनंतर शेतातच पेटवून दिले जाणारे उसाचे पाचट या कामी येते काय, हे कसोशीने तपासून पाहण्याजोगे आहे.

वाट सोपी नाही. जीवाणूंनी दिलेल्या वायूत कार्बन डायऑक्साइड मिसळलेला असतो, आणि कधी हायड्रोजन सल्फाइडही. प्लॅटिनमला तर गंधकाचा अंशही सोसत नाही आणि कार्बन मोनॉक्साइडचे दशलक्षांत दहा भाग एवढे प्रमाणही त्याचे कार्य मंदावते. श्रीरामपूर तालुक्यातून रसायनशास्त्र शिकावयास बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपैकी कोणी तरी पहिल्या संशोधनासाठी हा शुद्धीकरणाचा विषयच मागून घ्यावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. पाचट त्यांच्या शेतात आहे, आणि घट पुण्यात तयार आहे.