घरच्या हौदाची परीक्षा

बीडची खजाना विहीर सोळाव्या शतकांतली. ज्यांनीं ती बांधली, त्यांना पाण्याचें मोल ठाऊक होतें. आमच्या जिल्ह्यांत पाऊस तोकडा. म्हणून मिळालेलें पाणी साठवावें, हें आम्ही लहानपणींच शिकलों. साठविलेल्या पाण्याची परीक्षा करावी, हें शिकावयास मात्र मला साठी उलटावी लागली.

अंबाजोगाईस आमचें घर बारा माणसांचें. उन्हाळ्यांत नळाची पाळी लांबली म्हणजे अंगणांतील पांच हजार लिटरांचा हौद टँकरनें भरावा लागतो. त्यांत ब्लीचिंग पावडर टाकण्याचें काम माझें. गेल्या उन्हाळ्यांत मीं तें नेमानें केलें, तरी आठ दिवसांत तीन मुलांना जुलाब झाले व चार वर्षांच्या नातीस सलाईन लावावें लागलें. "पावडर तर टाकली होती," असें मीं डॉक्टरांना दोनदां सांगितलें. तेव्हां धाकटी सूनबाई हळूच म्हणाली, "मामंजी, टाकली खरी; पण ती लागू पडली कीं नाहीं, हें कोणीं पाहिलें?"

तिनें परीक्षापेटी आणविली. पाण्यांत क्लोरिन मुळींच नव्हतें! पावडरीचा डबा वर्षभर सैल झांकणानें पडला होता. तिचें सत्त्व केव्हांच उडून गेलें होतें. निवळीचें नुसतें नांव घेतल्यानें पाणी निवळत नाहीं, असें मनुस्मृतींत म्हटलें आहे. तो श्लोक मीं मुलांना वर्षानुवर्षें शिकविला. स्वतः मात्र विसरलों.

पेट्या मुख्यतः दोन प्रकारच्या. ऑर्थोटोलिडिनची पेटी स्वस्त. तिनें पाणी पिवळें होतें. गांवोगांवचे जलसुरक्षक हीच 'ओटी' चाचणी करीत आले आहेत. परंतु तें द्रव्य आरोग्यास घातक मानतात. डीपीडीच्या गोळीनें पाणी गुलाबी होतें, आणि मोकळें क्लोरिन किती व बांधलें गेलेलें किती, हें निरनिराळें कळतें. घरासाठीं हीच घ्यावी. मुदतीची तारीख पाहावी. पेटी कोरड्या जागीं, मुलांच्या हातीं न लागेल अशी ठेवावी.

नमुना पृष्ठभागाचा न घेतां हातभर खोलीवरून घ्यावा. नळी त्याच पाण्यानें तीनदां विसळावी. गोळीस बोट लावूं नये. रंग लगेच, उजेडांत, पांढऱ्या कागदासमोर पाहावा. क्लोरिन फारच झालें तर गुलाबी रंग उडून पाणी स्वच्छ दिसतें. म्हणून संशय आल्यास नमुना साध्या पाण्यानें पातळ करून पुन्हां पाहावा. तपासलेलें पाणी ओतून द्यावें.

पिण्याच्या पाण्यांत मोकळें क्लोरिन लिटरमागें निदान ०.२ मिलिग्रॅम असावें. सांथीच्या दिवसांत ०.५. हजार लिटरांस चांगली पावडर अडीच ग्रॅम पुरते. ती बादलींत कालवून वरची निवळ तेवढी हौदांत सोडावी आणि तासाभरानें परीक्षा करावी. कोणाच्या मळ्यांत पोहण्याचा हौद असेल तर तेथें क्लोरिन १ ते ३ मिलिग्रॅम आणि पीएच ७.२ ते ७.८ राखावा. पीएच वाढला म्हणजे क्लोरिनचा जोर ओसरतो.

ही पेटी सर्व कांहीं सांगत नाहीं. मळपाण्याचा संसर्ग ओळखण्यास हायड्रोजन सल्फाइडची बाटली मिळते. ती पद्धति मांजा, मौर्य व राव या भारतीय संशोधकांनीं १९८२ सालीं प्रसिद्ध केली. बाटलींतील पाणी काळें पडलें तर तें उकळल्यावांचून पिऊं नये. बोअरच्या पाण्यांतील नायट्रेट मात्र उकळूनही जात नाहीं; त्यासाठीं वर्षांतून एकदां प्रयोगशाळेंत नमुना द्यावा.

नात बरी झाली. आतां दर टँकरनंतर नळीमागें पांढरा कागद धरण्याचा मान तिचा. रंग सूनबाई वाचते, आणि मी वहींत आंकडा लिहितों. पावडर टाकल्याची नोंद मात्र आमच्या घरांत आतां कोणी पुरी मानीत नाहीं.