बंब येईपर्यंत

'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' ही म्हण आपण एखाद्या कचेरीच्या कारभाराला, नाहीतर घरातल्या धांदरट माणसाला लावतो आणि हसतो. मी पेशाने भाषेचा मास्तर. वर्गात म्हणींचे अर्थ सांगताना मीही असाच हसत आलो आहे. पण नांदेड-लातूरकडच्या एखाद्या आडगावात, वैशाखात, दुपारी दोनच्या सुमारास कडब्याची गंजी पेटली म्हणजे ही म्हण अक्षरशः खरी होते. आग शिवारात आणि बंब तालुक्याला. मधे वीस-पंचवीस किलोमीटरचा रस्ता. बंबवाल्यांनी निरोप मिळताच गाडी काढली तरी अर्धा तास कुठे गेला नाही. आणि वाळलेला कडबा काही अर्धा तास थांबत नाही.

जाता जाता सांगतो, हा 'बंब' शब्द आपल्याला पोर्तुगीजांनी दिला. त्यांचा 'बोंबा' म्हणजे पाणी फेकण्याचा पंप. आपण तो आगीच्या गाडीलाही दिला आणि न्हाणीतल्या पाणी तापवायच्या तांब्याच्या भांड्यालाही दिला. एक बंब आग विझवतो, दुसऱ्यात आपण ती पेटवतो! असो.

मला आज आपल्याशी बोलायचं आहे ते बंब येण्याआधीच्या त्या अर्ध्या तासाबद्दल. तो अर्धा तास सरकारचा नसतो, नगरपालिकेचा नसतो. तो घरातल्या माणसांचा आणि शेजाऱ्यांचा असतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला, तेव्हा मातीच्या ढिगाऱ्यांना पहिले हात लागले ते वाचलेल्या माणसांचे आणि शेजारच्या गावकऱ्यांचे. आगीतही तसेच होते. आपल्याकडे धावून जाणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. उणीव आहे ती आधी ठरवून ठेवण्याची.

ती उणीव किती महाग पडते हे मी लहानपणी पाहिले. औसा तालुक्यातल्या आमच्या गावी चुलत्यांचा गोठा पेटला, त्याला आता पस्तीसएक वर्षे झाली. मी सात-आठ वर्षांचा असेन. गाव लोटला होता. कोणी घागरी आणल्या, कोणी बादल्या. जो तो जिथे ज्वाळा उंच दिसे तिथे पाणी फेकत होता, आणि ते पाणी कडब्यावर पडण्याआधीच वाफ होऊन जात होते. गोठ्यात दोन बैल होते. त्यांतला एक दाव्याने बांधलेला होता. कोणीतरी विळ्याने दावे कापले आणि तो बाहेर पळाला. दुसरा मारका, म्हणून त्याला साखळी होती. साखळी विळ्याने कापत नाही. कडी सोडवायला चुलते दोनदा आत गेले आणि हात भाजून दोनदा परत आले. त्या बैलाचा आवाज मला आजही आठवतो. शेजारची गंजी तोवर पेटली नव्हती, पण तिच्याकडे बघायला कोणाला सुचले नाही. पाऊण तासाने तीही गेली.

पुढे आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात अग्निशामक दलाच्या जवानांनी प्रात्यक्षिक दिले, तेव्हा त्या दिवशी काय चुकले ते मला उमगले. आगीला तीन गोष्टी लागतात : जळण, हवा आणि उष्णता. यातली एक काढून घेतली की आग मरते. पेटलेल्या गंजीतले हे तिन्ही आपल्या बादलीच्या आवाक्याबाहेर गेलेले असतात. तेव्हा ती गंजी गेली असे समजावे, आणि माणसे, जनावरे नि न पेटलेली गंजी वाचवावी. पाणी टाकायचे ते शेजारच्या छपरावर, शेजारच्या कडब्यावर, वाऱ्याच्या दिशेला. जळते ते सोडून न जळणारे भिजवायचे, हे ऐकायला उलटे वाटते; पण खेड्यातली आग आटोक्यात येते ती अशीच. आणि गोठ्यात जनावर दाव्यानेच बांधावे. मारके असले तरी साखळीला अशी कडी हवी की एका झटक्यात सुटेल. विळा दाराशी टांगलेला असावा, आत नव्हे.

आता आपण म्हणाल, हे सगळे त्या गर्दीत कोणाला सुचणार? बरोबर आहे. म्हणूनच ते आधी दहा-बारा जणांना शिकवून ठेवावे लागते, आणि त्यालाच स्वयंसेवक दल म्हणतात. ही कल्पना काही परग्रहावरची नाही. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात १८५१ साली व्हालपाराइसो बंदरात पहिले स्वयंसेवक दल उभे राहिले, आणि आजही त्या देशातले आग विझवणारे बिनपगारी आहेत. दुकानदार, वकील, सुतार आपापली कामे टाकून धावतात. जर्मनीतही पगारी दले मोठ्या शहरांपुरतीच. बाकी मुलुखभर सुमारे दहा लाख स्वयंसेवक आहेत. आपल्याकडे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 'आपदा मित्र' नावाची योजना २०१६ साली सुरू केली. पुढे तिच्यात साडेतीनशे जिल्ह्यांतून एक लाख स्वयंसेवकांना बारा-बारा दिवसांचे शिक्षण देण्याचे ठरले. तहसील कचेरीत जाऊन आपल्या गावाचे कोणी त्यात आहे का, एवढे विचारले तरी सुरुवात होईल.

आणि साधनांचे म्हणाल तर दुष्काळाने आपल्याला एक देणगी दिली आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सगळ्या देशाने वाचले. त्या नि तशा उन्हाळ्यांनी आपल्या गावागावांत ट्रॅक्टरला जोडायचे पाण्याचे टँकर आले. शेतकऱ्यांकडे फवारणीचे पंपही आहेत. त्यांतला ट्रॅक्टरवर चालणारा, जोराने पाणी फेकणारा पंप आणि भरलेला टँकर एकत्र केला की गावाचा बंब तयार! पाण्याचा फवारा बादलीपेक्षा बरा, कारण तेवढेच पाणी बारीक होऊन अधिक उष्णता ओढून घेते. पंप मात्र औषध धुऊन स्वच्छ केलेला हवा. फाल्गुनापासून मृग लागेपर्यंत एक टँकर रात्रीही भरलेलाच उभा राहील, आणि त्याची किल्ली कोणाकडे ते सर्वांना ठाऊक असेल, एवढे ग्रामसभेत ठरवायला काय हरकत आहे? विजेच्या तारेजवळ पाणी मारण्याआधी महावितरणला सांगून प्रवाह बंद करून घ्यावा. १९१२ हा त्यांचा क्रमांक. गंजी मुळात तारेखाली रचूच नये, आणि धुरा पेटवायचा मोह वाऱ्याच्या दिवशी तरी आवरावा.

घरातली आग याहून फसवी. नांदेडकडे, किनवट-भोकरच्या बाजूला, कापसाला भाव येईल या आशेने लोक तो महिनोन्महिने राहत्या घरात साठवतात. माजघरात छताला टेकलेला कापूस आणि भिंतीपलीकडे चूल! या कापसाचे एक वाईट आहे : तो वरून विझला तरी आत धुमसत राहतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशामक दलाचे ६६ जवान कामी आले. त्या जहाजात दारूगोळा होता हे खरे, पण आग धुमसली ती कराचीत भरलेल्या कापसाच्या गाठींत. त्या जवानांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सप्ताह पाळतात. कापूस घरात ठेवणे भागच असेल, तर ज्या खोलीत चूल, देवघर किंवा विजेची जोडणी आहे तिथे तो ठेवू नये. देवघरावरून आठवले : समईची पेटती वात उंदराने ओढून नेली आणि घर पेटले, ही आपल्याला कथा वाटते; पण तसे होते. निजण्याआधी समई परातीत ठेवावी, भोवती काही नसावे.

गॅसबद्दल दोन शब्द. गॅसला स्वतःचा वास नसतो. आपल्याला येतो तो मुद्दाम मिसळलेला. हा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून तो जमिनीलगत साचतो. वास आला की रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि विजेचे बटण ना लावावे, ना बंद करावे. बटणाची ठिणगीही पुरते. मग घराबाहेर येऊन १९०६ ला कळवावे. कढईतले तेल पेटले तर त्यावर पाणी टाकणे हा सर्वांत मोठा घात. पाणी तेलाखाली जाते, क्षणात त्याची वाफ होते आणि जळते तेल छतापर्यंत उडते. प्रात्यक्षिकात जवानांनी ते लांबून करून दाखवले तेव्हा आमची मुले किंचाळली होती. नंतर त्याच कढईवर त्यांनी नुसते झाकण सरकवले, खालचा गॅस बंद केला, आणि आग गप्प! झाकण मात्र लगेच उचलू नये.

अंगावरचे लुगडे किंवा साडी पेटली तर पळू नये. पळण्याने वारा मिळतो. जमिनीवर लोळावे. जवळच्या माणसाने घोंगडी टाकावी. आपली धनगरी घोंगडी लोकरीची, ती सहजी पेटत नाही. नायलॉनची चादर मात्र वितळून कातडीला चिकटते. भाजलेल्या जागी वीस मिनिटे गार पाण्याची धार धरावी. पाण्याची कितीही टंचाई असो, ते पाणी वाया गेले असे कोणी मानू नये. तूप, हळद, दात घासायची पेस्ट यांतले काही लावू नये. डॉक्टरला ते आधी खरवडून काढावे लागते. रुग्णवाहिकेसाठी १०८.

खोलीत धूर भरला तर वाकून, रांगत बाहेर यावे, कारण चांगली हवा खाली असते. पत्र्याच्या घरात धुराला वर वाट नसते, म्हणून तिथे हे जास्तच.

बंबासाठी १०१ किंवा ११२ फिरवताना गावाचे नाव तालुक्यासकट सांगावे. एका नावाची तीन-तीन गावे आपल्याकडे आहेत. काय पेटले आहे, आत कोणी अडकले आहे का, जवळ पाणी कुठे, हेही सांगावे. आणि दलातल्या एका पोराने मोटरसायकल घेऊन फाट्यावर जाऊन उभे राहायचे. बंबवाल्याला गाव माहीत नसते. गावात लग्नाचा मांडव रस्त्यावर आला आहे, की शाळेजवळ तार खाली लोंबते आहे, हे त्या पोराला माहीत असते. त्याने पुढे चालायचे, बंबाने मागे.