उपळी बुरुजावरून विजापूर

विजापूरच्या सहलीहून आलेला जो तो गोलघुमटाचेच वर्णन करतो. तिथला आवाज कसा घुमतो हे आता गावात सगळ्यांना पाठ झाले आहे. म्हणून मी उपळी बुरुजाविषयी लिहितो.

विजापूर कर्नाटकात, सोलापूरपासून सुमारे १०० किलोमीटरवर आहे. पहिल्या अली आदिलशहाने १५६५ च्या सुमारास शहराभोवती तट बांधला. तो तट जवळजवळ १० किलोमीटर भरतो. पण हा बुरूज तटात नाही, आत एकटाच उभा आहे. सांगतात ते असे, की तटाचे काम सरदारांना वाटून दिले तेव्हा हैदरखान मोहिमेवर होता. येऊन बघतो तर त्याच्या वाट्याला जागाच नाही! मग त्याने सगळ्यांहून उंच बुरूज बांधायची परवानगी मागितली. गोष्ट खरी असो नसो, बुरूज १५८४ च्या सुमाराचा आहे आणि त्याला हैदर बुरूज असेही म्हणतात.

उंची साधारण ८० फूट. जिना बाहेरून वळसा घेत वर जातो. वर पोचलो की पूर्वेला गोलघुमट, पश्चिमेला तटापलीकडे इब्राहिम रोजाचे मनोरे, मध्ये घरे आणि झाडे. सगळे शहर परातीत मांडल्यासारखे दिसते. इतिहासातला अफझलखान १६५९ साली याच शहरातून निघाला होता.

आता एवढे उंच कशाला बांधायचे? गुरुजींनी हिशेब करून दाखवला. पृथ्वी गोल आहे, म्हणून लांबची जमीन वाकून नजरेआड जाते. सपाट रानात उभे राहिले तर आपल्याएवढ्या मुलाला जेमतेम ४ किलोमीटरपर्यंतची जमीन दिसते. ८० फुटांवरून मात्र सुमारे १७ किलोमीटर! पायी येणारी फौज तासाला ४ किलोमीटर चालली, तरी चार तास आधी धूळ दिसणार. तेवढ्यात वेशी लावता येतात आणि शेतातली माणसे, गुरे आत घेता येतात. आमच्या घरी आजी म्हणते, पाऊस दिसला की वाळवण उचलावे, तसेच हे.

वर दोन लांब तोफा आहेत. मोठी ३० फुटांहून जास्त, धाकटी जवळजवळ २० फूट. आपला वर्ग २० फुटांचा, म्हणजे मोठी तोफ भिंत फोडून व्हरांड्यात निघेल! त्या एकसंध ओतलेल्या नाहीत. लोखंडाच्या पट्ट्या लांबीने जुळवून त्यांवर कडी बसवली आहेत. बैलगाडीच्या चाकावर धाव तापवून चढवतात, गार झाली की ती आवळते, हे लोहाराकडे पाहिले असेल त्याला लगेच कळेल. आणि उंचावरून उडवलेला गोळा जास्त लांब जातो. शाळेच्या ओट्यावरून खडा फेकून बघा.

मग एवढे असून शहर पडले कसे, असे मी विचारले. १६८५ साली मोगलांनी वेढा घातला. फौज बुरुजावरून दिसत होतीच. पण वेढा वर्षाहून अधिक चालला, आत खायला उरले नाही, आणि सप्टेंबर १६८६ मध्ये सिकंदर आदिलशहा शरण गेला. धान्य किती दिवस पुरेल, ते काही बुरुजावरून दिसत नाही.