गल्लीत लागलेला निकाल

आमच्या गावाचं नाव हट्टा. हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यात आहे. परगावचे पाहुणे नावावरून थट्टा करतात की, इथली मुलं फार हट्टी असतील. असतीलही. पण मुलांचा हट्ट सगळ्याच गावांत सारखा असतो आणि गेल्या तीस-पस्तीस वर्षांत त्या हट्टाच्या यादीत एक वस्तू कायम राहिली आहे. ती म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचा व्हिडिओ गेम. हट्ट पुरवायचं ठरलं की बाप दुकानात जातो आणि विचारतो, ‘या दोन्हींत चांगला कोणता?’ दुकानदार खोक्यावरचे आकडे वाचून दाखवतो. ज्याचे आकडे मोठे तो चांगला, असं समजून बाप पैसे मोजतो.

आज याच प्रश्नाबद्दल थोडं बोलायचं आहे. मी इंजिनीअर नाही, बी.ए. झालेला कवी माणूस आहे. पण तुलना करणं हा आमचाही उद्योग आहे. दोन शायरांत मोठा कोण, हा वाद आमच्याकडे पहाटेपर्यंत चालतो आणि तो शब्द मोजून कधीच मिटत नाही.

गोष्ट जपानपासून सुरू करावी लागेल. क्योटो शहरात १८८९ साली पत्ते तयार करण्याचा एक कारखाना निघाला. त्याचं नाव निन्टेन्डो. दुसरी कंपनी सेगा. तिच्या नावाचं मूळ ‘सर्व्हिस गेम्स’ या शब्दांत आहे. अमेरिकन लष्कराच्या तळांवर नाणं टाकून खेळायची यंत्रं पुरवण्याच्या धंद्यातून ती वाढली. म्हणजे एक पत्तेवाला आणि एक जत्रेतला खेळवाला. या दोघांनी घरी टीव्हीला जोडायचं आपापलं यंत्र बाजारात आणलं ते एकाच दिवशी, १५ जुलै १९८३ रोजी. निन्टेन्डोच्या ‘फॅमिली कॉम्प्युटर’ची किंमत १४,८०० येन, तर सेगाच्या ‘एसजी-१०००’ची १५,००० येन. शर्यत यापेक्षा सारखी कुठून सुरू होणार?

अशा डब्यात असतं तरी काय? मुख्यतः तीन गोष्टी. एक हिशेब करणारी चिप, ती खेळाडूनं दाबलेलं बटण ओळखते आणि पुढं काय घडायचं ते ठरवते. दुसरी चित्र काढणारी चिप, ती ठरलेल्या वेगानं टीव्हीवर चित्र उमटवत राहते. आणि तिसरी गोष्ट डब्यात नसतेच, बाहेरून खोचावी लागते. ती म्हणजे कॅसेट. आपण तिला कॅसेट म्हणत आलो, पण तिच्यात फीत नसते. खेळ साठवलेल्या चिपांची एक पट्टी असते. गाणारा तोच, पेटी तीच. चीज मात्र कॅसेट बदलली की बदलते.

पहिल्या फेरीत निन्टेन्डो सरळ पुढं होता. त्याची चित्रचिप पडदा अलगद सरकवू शकत होती. माणूस धावतोय आणि मागचं आकाश, झाडं मागं पडताहेत, हे दृश्य तिला सहज जमे. सेगाच्या पहिल्या यंत्राला ते नीट जमत नव्हतं. मग सेगानं ऑक्टोबर १९८५ मध्ये सुधारित यंत्र काढलं. तेच पुढं जगभर ‘मास्टर सिस्टीम’ म्हणून ओळखलं गेलं. आता आकडे फिरले. निन्टेन्डोच्या हिशेबाच्या चिपचा वेग १.७९ मेगाहर्ट्झ, सेगाचा ३.५८, म्हणजे दुप्पट. निन्टेन्डोची कामाची स्मरणशक्ती २ किलोबाइट, सेगाची ८. चित्रांसाठी निन्टेन्डोकडं २ किलोबाइट, सेगाकडं १६. एका वेळी पडद्यावर निन्टेन्डो पंचवीस रंग दाखवी, सेगा बत्तीसपर्यंत. खोक्यावरचे आकडे वाचून निकाल द्यायचा, तर सेगा जिंकायला हवा होता.

पण आकडेही जरा उलगडून पाहावे लागतात. मेगाहर्ट्झ म्हणजे चिपच्या आतल्या घड्याळाची टिकटिक. सेगाच्या घड्याळाची टिकटिक दुप्पट वेगानं होई हे खरं. पण त्याच्या चिपला अगदी लहानात लहान कामालाही चार टिकटिक लागत. निन्टेन्डोच्या चिपला लहान काम दोनच टिकटिकींत उरकता येई. एक गडी झपाझप पावलं टाकतो, पण आखूड टाकतो. दुसरा सावकाश चालतो, पण ढांगा लांब टाकतो. बांधावर दोघं जवळपास बरोबरच पोचतात. शिवाय काही मर्यादा दोघांच्या सारख्याच होत्या. एका आडव्या ओळीत हलणारी आठच चित्रं दाखवता येत. नववं आलं की ते गायब. जुन्या खेळात शत्रूंची गर्दी झाली की ते लुकलुकायचे, ते यामुळंच. खेळ लिहिणारे सगळ्यांना आळीपाळीनं दाखवत, म्हणजे कुणीच कायमचा नाहीसा होत नसे.

याच मर्यादेत निन्टेन्डोच्या लोकांनी काय केलं ते बघा. सप्टेंबर १९८५ मध्ये आलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा अख्खा खेळ ४० किलोबाइटचा आहे. आज मोबाइलमधला साधा दोन मेगाबाइटचा फोटो त्याच्या पन्नासपट भरतो. जागा वाचवण्यासाठी त्यात आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप यांचं चित्र एकच आहे, फक्त एकाला पांढरा रंग दिला आणि दुसऱ्याला हिरवा. कोट्यवधी मुलांनी हा खेळ खेळला आणि ढगाचं झुडूप झालेलं फारच थोड्यांच्या लक्षात आलं. कवितेत एकच शब्द दोन जागी दोन अर्थांनी बसवावा, तसं हे काम आहे. वृत्तात लिहिणाऱ्याला त्याची किंमत कळते.

तर निकाल काय लागला? निन्टेन्डोची यंत्रं जगभरात सहा कोटींहून अधिक विकली गेली. सेगाची, ब्राझील सोडलं तर, एक-सव्वा कोटीच्या आसपास. कारण डब्यात नव्हतं, करारात होतं. अमेरिकेत निन्टेन्डोसाठी खेळ करायचा, तर तोच खेळ दोन वर्षं दुसऱ्या यंत्रावर द्यायचा नाही, अशी अट होती. चांगले खेळ एका दारात अडकले आणि सेगाचं दार बरंचसं रिकामं राहिलं. यंत्र सरस असूनही त्यावर खेळायला पुरेसे खेळ नाहीत. धान्य नसलेल्या गावात पिठाची गिरणी उघडावी, तसं झालं.

आता आपल्याकडं येऊ. परभणी-हिंगोलीकडच्या गावांत मूळ निन्टेन्डो सहसा कुणी पाहिलाच नाही. आपल्याकडं आली ती त्याची नक्कल. जपानच्या मूळ यंत्राला परकी कॅसेट ओळखणारं कुलूप नव्हतं. ते १९८५ मध्ये अमेरिकेत विकलेल्या डब्यात बसवलं गेलं. तैवानच्या यूएमसी कंपनीनं मूळ चिपांसारख्या चिपा तयार केल्या आणि त्यांवर देशोदेशी स्वस्त डबे निघाले. आपल्याकडं कुठं मीडिया, कुठं टर्मिनेटर, तर कुठं लिटल मास्टर अशी नावं होती. सुनील गावसकरांचं टोपणनाव पाठीवर घेऊन जपानी मारिओ मराठवाड्यात धावत होता.

धावत होता, पण थोडा हळू. जपानचा टीव्ही सेकंदाला साठ वेळा चित्र उमटवी, आपला पाल पद्धतीचा टीव्ही पन्नास वेळा. जपानी वेगासाठी लिहिलेला खेळ आपल्या पद्धतीच्या डब्यावर साधारण सहाव्या हिश्शानं मंद चाले, संगीतासकट. आपल्या मुलांना तोच वेग खरा वाटला आणि त्यांचं काही बिघडलं नाही.

सेगाही आपल्याकडं आला, आणि रीतसर आला. १९९५ मध्ये शॉ वॉलेस कंपनीशी करार करून त्यानं पुढच्या पिढीचा ‘मेगा ड्राइव्ह’ भारतात आणला. त्या वेळी अशा वस्तूंवर ऐंशी टक्के आयात शुल्क होतं, ते टाळण्यासाठी हा करार. तरीही किंमत होती १८,००० रुपये. त्या काळात हा आकडा खेड्यातल्या घराला परवडणारा नव्हता. नकलेचे डबे त्या मानानं फारच स्वस्त. पैशाइतकीच आणखी एक गोष्ट महत्त्वाची होती. या सगळ्या नकलेच्या डब्यांत साठ पिनांची तीच कॅसेट बसे. डब्यावरचं नाव कोणतंही असो, शेजारच्या मुलाची कॅसेट आपल्या डब्यात चाले. एकाकडं ‘कॉन्ट्रा’, दुसऱ्याकडं ‘मारिओ’, तिसऱ्याकडं बदकं मारायची बंदूक. गल्लीत पाच घरांत पाच कॅसेटा असल्या, तर प्रत्येकाकडं पाच खेळ. सेगा घेणाऱ्या घराला शेजारीच नव्हता. निकाल तिथं, गल्लीत लागला.

या बाजारात फसवणूकही होती. कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ असं छापलेलं असे. आत मोजके खेळ. तेच पुन्हा पुन्हा नाव बदलून, कधी पहिल्याऐवजी तिसऱ्या टप्प्यापासून सुरू करून. कॅसेट चालली नाही की फुंकर मारायची, हाही एक सार्वत्रिक उपचार. खरं तर गुण यायचा तो कॅसेट काढून पुन्हा नीट बसवल्यामुळं. फुंकरेतल्या ओलीनं पिना उलट गंजायच्या.

इथं एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो टाळणं बरं नाही. नक्कल म्हणजे कुणाची तरी मेहनत. चाळीस किलोबाइटांत जग बसवणाऱ्या त्या माणसांना आपल्या गल्लीतून दमडीही पोचली नाही. ज्याची कविता नाव गाळून लग्नपत्रिकेवर छापली जाते, त्याला हे चांगलं समजतं. यंत्रावरच्या पेटंटची मुदत काही वर्षांनी संपते, पण खेळावरचा हक्क वेगळा असतो आणि तो बराच काळ टिकतो. दुसऱ्या बाजूनं हेही खरं की, नक्कल नसती तर आपल्याकडच्या हजारो मुलांच्या हाताला ही विद्या लागलीच नसती. मला वाटतं, दोन्ही गोष्टी एकाच वेळी मान्य कराव्यात. नकलेनं दार उघडलं. पण नकलेच्या धंद्यात आपल्या मुलांसाठी, आपल्या भाषेत काही नवं घडवायला कुणी बसलं नाही.

बसलं असतं, तर काय झालं असतं, हे ब्राझीलमध्ये दिसतं. मघाशी ब्राझील सोडून आकडा दिला, त्याचं कारण हेच. तिथं टेकटॉय नावाच्या स्थानिक कंपनीनं १९८९ पासून सेगाची मास्टर सिस्टीम रीतसर विकली. ‘फँटसी स्टार’सारखा खेळ पोर्तुगीज भाषेत आणला. एका जपानी खेळातला नायक काढून त्या जागी तिथल्या चित्रकथांमधली लाडकी मुलगी मोनिका बसवली. उरलेल्या जगात हरलेलं यंत्र तिथं घराघरांत गेलं आणि पुढची कित्येक वर्षं विकलं जात राहिलं. यंत्र तेच, चिपा त्याच. फरक पडला तो भाषेचा आणि आपलेपणाचा.

आजच्या दुकानात यायचं, तर सोनीचं प्लेस्टेशन ५ आणि मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स सिरीज एक्स ही एकाच पिढीची दोन यंत्रं. जगात दोन्ही नोव्हेंबर २०२० मध्ये आली. भारतात एक्सबॉक्स त्याच महिन्यात आलं आणि प्लेस्टेशन फेब्रुवारी २०२१ मध्ये. सुरुवातीची किंमत दोन्हींची ४९,९९० रुपये. दोन्हींची मुख्य चिप एएमडी याच कंपनीची. चित्राच्या ताकदीचा आकडा एक्सबॉक्सचा बारा, प्लेस्टेशनचा दहाच्या थोडा वर. तरीही २०२५ पर्यंत प्लेस्टेशन ५ आठ कोटींहून अधिक विकलं गेलं आणि एक्सबॉक्स बरंच मागं राहिलं. जुनीच गोष्ट नव्या कपड्यांत.

म्हणून बापानं दुकानात आकड्यांच्या आधी काही साधे प्रश्न विचारावेत. मुलाला जे खेळ खेळायचे आहेत, ते या यंत्रावर आहेत का? त्याच्या मित्रांकडं कोणतं यंत्र आहे? वर्षाला खेळांवर किती खर्च येईल? बिघडलं तर दुरुस्ती नांदेड-परभणीला होईल की पुण्या-मुंबईला पाठवावं लागेल? आणि एक प्रश्न विसरू नये : यात चकती घालायची खाच आहे का? एक्सबॉक्सचा स्वस्त ‘सिरीज एस’ आणि प्लेस्टेशनची ‘डिजिटल’ आवृत्ती यांत ती नाही. खेळ इंटरनेटवरून विकत घ्यायचा आणि तो आपल्या खात्यालाच बांधलेला. सुरुवातीला पैसे वाचतात. पण असा खेळ मित्राला चार दिवस वापरायला देता येत नाही, जुना झाल्यावर विकताही येत नाही. ज्या देवघेवीवर आपल्या गल्लीनं एक अख्खी पिढी खेळवली, ती या डब्यात बंद झाली आहे. ज्यांच्याकडं पैसा बेताचा आहे, त्यांनी हे नीट तोलावं.

शेवटी एक चांगली बातमी. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीनं ‘राजी’ नावाचा खेळ केला. आपल्या भावाला सोडवायला निघालेल्या एका मुलीची ती कथा, भारतीय पुराणकथांच्या पार्श्वभूमीवर रचलेली. ऑगस्ट २०२० मध्ये तो सर्वांत आधी आला तो निन्टेन्डोच्या स्विच या यंत्रावर. पुढं इतर यंत्रांवरही आला आणि २०२२ च्या सुधारित आवृत्तीत त्याला हिंदी आवाजही मिळाला. ज्या पत्तेवाल्याच्या यंत्राची नक्कल आपण गावोगाव खेळलो, त्याच्याच दारात महाराष्ट्रातली मंडळी स्वतःची गोष्ट घेऊन, आपल्या नावानिशी गेली. आता हाच प्रवास मराठी बोलत करणारा एखादा मुलगा किंवा मुलगी वसमत-हिंगोलीकडून निघायला हवी. तेव्हा घरात मुलानं व्हिडिओ गेमचा हट्ट धरला, तर त्याला इतकंच विचारून पाहा : खेळ कुठला हवा ते समजलं, पण तुला स्वतःला एखादा करावासा वाटतो का?